दाराशी एकाला सोडून

३ मार्च
आले एकदाची नव्या घरात. खोल्या दोनच, पण उजेड इतका की सामान सोडताना दिवा लावावा लागला नाही. चिऊचं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे. आता लेकीला भेटायला बॅग भरावी लागणार नाही.

जावईबापूंनी खोकी वर आणून दिली आणि घाम पुसत म्हणाले, की लोकांच्या सासूबाई भांडीकुंडी घेऊन घर बदलतात, आमच्या मात्र वायरींची भेंडोळी घेऊन आल्या. चिऊने त्यांना दटावलं, की त्या खोक्यांतलं एक जरी फुटलं तर मला माहेर उरणार नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले तेव्हा माळा आवरताना चिऊचा लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. चालतो का बघावं म्हणून जोडला आणि तिथेच बसले. मग दुसरा आणला, तिसरा आणला. आता कपाटाचे दोन कप्पे कार्ट्रिजनी, खेळांच्या त्या चपट्या प्लॅस्टिकच्या डब्यांनी, भरलेत. टीव्हीही जुनाच, जाड काचेचा. नव्या सपाट टीव्हीवर ही चित्रं इस्त्री केल्यासारखी दिसतात. हे असते तर म्हणाले असते, म्हातारपणी कसला पोरखेळ. आणि मग शेजारी खुर्ची ओढून माझ्या चुका काढत बसले असते. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांचा फोटो पलंगाशी ठेवला, तेव्हा कुठे हे घर वाटलं.

७ मार्च
कोपऱ्यावर जुन्या वस्तूंचं दुकान आहे. दुकानदार गप्पिष्ट, मला लगेच मावशी करून टाकलं. त्याच्याकडे एक करडं कार्ट्रिज मिळालं. वरचा कागद फाटलेला, पण सोबतचं माहितीपत्रक शाबूत. नाव कधी ऐकलेलं नाही आणि मी तर या बाबतीत स्वतःला फार शहाणी समजते.

घरी येऊन कापसाच्या काडीने स्पिरिट लावून आतल्या पट्ट्या पुसल्या. लोक फुंकर मारतात, तसं करू नये, ओलाव्याने गंज चढतो. लावल्याबरोबर चालू झालं. डाव साठवायला दोन जागा, त्यातली पहिली भरलेली होती. आधीच्या मालकाचा डाव. कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते, तिच्या जोरावर असे डाव वर्षानुवर्षं जगतात. आम्हा जमवणाऱ्यांमध्ये दुसऱ्याचा डाव पुसायचा नाही अशी रीत आहे. फक्त उघडून पाहिला. शेवटच्या दारापुढे एक चिमुकला माणूस एकटाच उभा होता. का कोण जाणे, वाईट वाटलं. बंद केला आणि दुसऱ्या जागेवर माझा मांडला.

चार सोबती घेऊन प्रवास करायचा. त्यांना नावं आपण द्यायची, तीही जेमतेम चार रोमन अक्षरांत. मी घरचीच दिली. पहिली ‘आई’, म्हणजे मी. मग ‘चिऊ’. यांचं नाव आयुष्यात कधी घेतलं नाही, म्हणून ‘अहो’. चौथी कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण बुटकी. तिचं शेवटचं अक्षर बसेना. तिला सांगितलं तर म्हणेल, नावातही मला आखूड केलीस.

९ मार्च
आज पहिलं दार. वाटेत तीन दारं आहेत, मग शेवटचं. प्रत्येक दाराशी एका सोबत्याला मागे सोडायचं, तरच बाकीच्यांना पुढची वाट मिळते. शेवटचं दार उघडलं की मागे राहिलेले सगळे परत येतात, असं माहितीपत्रकात आहे. बुटकीला सोडलं. तिथे एक विहीर आहे, बाक आहे. ती जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून गप्पा मारत बसेल. उद्या फोन करून चिडवते तिला.

११ मार्च
सकाळी कुणा बाईचा फोन. एकदम अगंतुगं. दोन दिवस फोन नाही, नव्या घरात शिष्ट झालीस का, म्हणाली. शाळेतल्या सिस्टरची नक्कल करून दाखवली. मी विचारलं आपण कोण, तर आधी हसली, मग रडवेली होऊन विचारू लागली की तुला बरं नाही का.

फोन ठेवून दिला. हल्ली असं माहिती काढून गळ्यात पडतात. पण मी जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसले, एकदा ऐकलेला आवाज विसरत नाही. हा आवाज मी ऐकलेला नाही. मग आमच्या शाळेतल्या सिस्टर हिला कशा ठाऊक?

१५ मार्च
दुसरं दार. इथे मोठं झाड आहे. ‘अहो’ना सावलीत बसवलं. बसतील पेपर वाचत, हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं करत. सोडताना जीव उगाच हळवा झाला. खेळच आहे.

१६ मार्च
घरात कुणीतरी येऊन गेलं आहे.

पलंगाशी एका मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो आहे. कपाटात खालच्या कप्प्यात पुरुषी स्वेटर, घडी माझ्या पद्धतीची. आधीच्या भाडेकरूकडे किल्ली राहिली असणार. पण चोर वस्तू नेतात, आणून ठेवत नाहीत. फोटो पालथा घातला. तरी तो गृहस्थ आपल्या ओळखीचं हसतो आहे असं वाटत राहिलं.

कुलूपवाल्याला बोलावून कुलूप बदललं.

१८ मार्च
चिऊची किल्ली लागेना, म्हणून तिने दार बडवलं. कुलूप का बदललं म्हणून भांडली. मी फोटो दाखवला. ती आधी रागावली, की आई, ही थट्टा मला आवडलेली नाही. मग माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, हे बाबा आहेत.

कुणाचे बाबा?

तिने जावयाला फोन केला, आत जाऊन, हळू आवाजात. काहीतरी शिजतं आहे. मला वेडी ठरवून यांना काय मिळणार आहे?

१९ मार्च
डॉक्टर. वार, तारीख, उलटे आकडे, सगळं बरोबर सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही. डॉक्टरांनी चिऊकडे बोट केलं आणि शांतपणे विचारलं, मग ही?

चिऊ माझी मुलगी आहे. पोटची. तिचा जन्म, कळा, सगळं आठवतं. पण त्या दवाखान्याबाहेर व्हरांड्यात कोण बसलं होतं, तिथे नुसता रिकामा बाक दिसतो.

२१ मार्च
चिऊ इथेच राहायला आली आहे. दुपारी तिने टीव्हीवरची नावं वाचली आणि ‘अहो’वर बोट ठेवलं. म्हणाली, तू बाबांना अहोच म्हणायचीस. मग बुटकीमावशी कोण ते सांगितलं. मी म्हटलं, या नावाची बाई मला माहीत नाही. चिऊने विचारलं, यांना कधी मागे सोडलंस? मी सांगितलं. तिने बोटांवर दिवस मोजले.

नंतर ती भानावर आली. म्हणाली, खेळाने असं काही होत नसतं, आपण मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. पण कार्ट्रिजला हात लावायला तीही घाबरते आहे.

भयंकर हे आहे की मला त्यांची आठवण येत नाही. आठवणच नाही, त्यामुळे रडूही येत नाही. चिऊ दोघींच्या वाटचं रडते.

२२ मार्च
दुकानदाराला गाठलं, हे कार्ट्रिज आधी कोणाचं होतं म्हणून. आधी टाळत होता. मग म्हणाला, मावशी, तो माणूस चांगला होता हो. त्याचीच मुलं त्याला न्यायला आली तेव्हा त्याने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि नम्रपणे विचारलं की आपलं कोणाकडे काम आहे. आता एका आश्रमात असतो. स्वतःचं नाव मात्र खणखणीत सांगतो.

म्हणजे शेवटच्या दारापुढे एकटा उभा होता तो हाच. सगळ्यांना सोडून स्वतःला राखलेला.

२३ मार्च
पहिली जागा रिकामी. त्याचा डाव गेला. मी पुसला नाही. चिऊने शपथ घेतली की तिनेही नाही.

बॅटरी मरते आहे. माझाही जाईल. झाडाखालचा तो, विहिरीपाशी ती — मग परत कुठून आणायचे? दुरुस्तीवाला म्हणतो, वीज चालू ठेवून बॅटरी बदलता येते, पण हात हलला की सगळं साफ, मावशी, जबाबदारी घेणार नाही. तो माझ्याकडे बघत का नव्हता? दुकानदाराने त्याला सांगितलं असेल का?

शेवटचं दार उघडलं की परत येतात. असं छापलं आहे. ज्याने हे सगळं केलं त्याच्याच शब्दावर भरवसा ठेवायचा. दुसरं काही हातात नाही.

२५ मार्च
तिसरं दार. दोघीच उरलो — आई आणि चिऊ.

कोणाला सोडणार, विचारतं आहे. बाण चिऊच्या नावावर आपोआप सरकतो. मी मागे आणते. पुन्हा सरकतो. बटण खराब असेल. नसेलही.

चिऊ आत झोपली आहे, दमून, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. ती माझ्यासाठी परकी व्हायची? तिला खुर्ची देऊन विचारायचं, आपलं काम काय —

नाही. मला चिऊ हवी आहे. मी नसले तरी.

बाण घट्ट धरला आहे. ‘आई’. बटण दाबते.

दुपार
चिऊ पडद्यावर एकटी चालते आहे. शेवटचं दार जवळच. पण ती थांबली आहे. चालवणाऱ्याने हात काढला असावा. कंट्रोलर कोणाच्या तरी मांडीवर पडला आहे. हात म्हातारे आहेत, एका हातात पेन —

खोलीतून चिऊ आली. ओळखलं. चिऊच. हनुवटीवरची खूण, झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाची. किती मोठी झाली.

ती खाली बसली आहे, खांदे धरून हलवते आहे. आई, आई म्हणते. सारखी. पोरीचा आवाज बसला.

कुणीतरी तिच्या आईला बोलवा. आत्ता तर इथे होती, हे लिहीत होती, ती कुठे —