डाव्या भुवईवरची चीर

ता. ४ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर मी रडते आणि काम राहून जातं, म्हणून हे पत्र. बाबा घरातून निघून गेले त्याला आज नऊ दिवस झाले. दुरुस्तीचं घड्याळ गिऱ्हाइकाला द्यायला म्हणून निघाले आणि घड्याळ टेबलावरच राहिलं. हल्ली स्वतःचं नावही आठवत नाही त्यांना, पत्ता कुठून सांगणार?

फलकासाठी तू फोनवर पाठवलेला फोटो मामांनी पुढे पाठवला, तिथून तो छापखान्यात गेला. फलक लागले, पण फोटो मोठा केल्यावर बाबांच्या तोंडाचे नुसते चौकोन दिसतात. छापखानेवाला म्हणाला, ही जेपेग फाइल आहे, फोनवरून पाठवताना दर वेळी आणखी दाबली जाते आणि बारीक ते गळतं. डाव्या भुवईवरची पांढरी चीर अशीच गळाली. तीच तर त्यांची एकमेव पक्की खूण.

तर मूळ फाइल मेमरी कार्डात घालून टपालाने पाठव. मूळ फाइल जपा म्हणून साऱ्या जगाला उपदेश पाजणारा तूच ना?

लोभ आहेच, तो राहू दे. आधी कार्ड धाड.
तुझी ताई

ता. ७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्ड सोबत आहे. दाराएवढा मोठा केलास तरी चेहरा फुटणार नाही. जुने फलक काढून हेच लाव.

स्टुडिओत लग्नांच्या अल्बमांचा ढीग पडलाय, मालक रजा देत नाहीत. दिली की लगेच निघतो. तू वेळेवर जेवत जा. तू उपाशी राहिलीस की चिडतेस, आणि तू चिडलीस की मामा लपून बसतात, मग फलक कोण लावणार?

राग धरू नकोस, एवढीच विनंती.
तुझा धाकटा

ता. १९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

एकशे चाळीस फलक लावले. चेहरा इतका स्वच्छ आला होता की पाहून रडूच आलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण लावायच्या घाईत नीट निरखलंच नाही, म्हटलं मनाचे खेळ.

काल निवारा केंद्रात गेले. तिथल्या बाई सांगत होत्या, एक आजोबा तेरा दिवस त्यांच्याकडे होते. नाव सांगता येईना. भिंतीवरचं बंद घड्याळ चमच्याच्या दांड्याने उघडून त्यांनी चालू केलं. बाईंनी आपला जुना, पुसट फलक पाहिला होता आणि फोन करणारच होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा लागला. त्यात भुवई अखंड, आणि आजोबांच्या भुवईत तर चीर. मग हे कोणी दुसरेच, असं त्यांनी धरलं. पुसट असता तर शंकेपोटी फोन केला असता, म्हणाल्या.

त्यानंतर तीन दिवसांनी फाटक उघडं दिसलं आणि बाबा चालू लागले. घड्याळ अजून चालतंय. मी त्याच्याखाली बसून राहिले.

चीर कुठे गेली? खरं सांग.
ताई

ता. २२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मूळ फाइल माझ्याकडे नव्हतीच. गेल्या वर्षी डिस्क भरली, तेव्हा गिऱ्हाइकांचे फोटो पूर्ण ठेवले आणि घरचे दाबून लहान केले, मूळ पुसून टाकले. घरचेच तर आहेत, म्हटलं. दाबताना जे टाकलं जातं ते परत येत नाही, हे मीच लोकांना शिकवतो.

लाज वाटली म्हणून तोच लहान फोटो स्टुडिओतल्या प्रोग्रामला दिला. गेलेलं तो अंदाजाने भरतो. त्याने एक छान, धडधाकट भुवई भरून दिली. माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिणार होतो, पण आलं होतं. स्वच्छ चेहऱ्यावर भागेल असं वाटलं.

आणि ती चीर माझी आहे, ताई. सात वर्षांचा असताना मी बाबांच्या नकळत घड्याळाची ताणलेली कमान, म्हणजे स्प्रिंग, सोडली, ती उडून त्यांना लागली. आपलाच हात सुटला, असं त्यांनी आईलासुद्धा सांगितलं. माझ्यामुळे बाबा दोनदा हरवले, एकदा फोटोतून आणि एकदा फाटकातून. उद्या निघतो, रजा मिळो न मिळो.

क्षमा मागायला तोंड नाही.
धाकटा

ता. २४ मे, टेबलावर

धाकट्या,

किल्ली मामांकडून घेतली असशीलच. मी बाहेर आहे. राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही, पण तो काढायला वेळ नाही.

व्हाइटनरची बाटली आणि बारीक ब्रश घड्याळाशेजारी ठेवलाय. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंतच्या बावन्न फलकांवर मी हाताने चीर काढली. उरलेले अठ्ठ्याऐंशी तुझे.

एक सांगायचं राहिलं. निवाऱ्यातल्या बाईंनी त्यांना विचारलं होतं, आजोबा, भुवईला काय झालं? स्वतःचं नाव न आठवणारे बाबा लगेच म्हणाले, माझाच हात सुटला.

चीर कुठून कुठपर्यंत काढायची, ते तुला सांगायला नको.
ताई