डावीकडून उतरताना

११ नोव्हें. २००७, रवि.
दुसरा कॉम्प्युटर आला. उल्हासनगरहून, जुनाच, रिक्षात मांडीवर घेऊन. सिंधी दुकानदार साईं विचारत होता, "मॅडम, बेटे के लिए?" म्हटलं, नाही, मिस्टरांसाठी, त्यांना विमान चालवायचंय. साईंनी ह्यांच्या पिकलेल्या मिशांकडे एकदा बघितलं आणि विमानाची सीडी जरा जास्तच आदराने कागदात बांधली.

लेक सोनू पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून तिचा कॉम्प्युटर ह्यांनीच बळकावलाय. ड्युटीवरून आले, चहा झाला, की विमान. गेम म्हटलेलं चालत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. आता नव्या सीडीतला नकाशा माझ्या कॉम्प्युटरवर. मधे एक वायर. ते तिकडे उडवतात, इकडे माझ्या नकाशावर चिमुकलं विमान सरकतं आणि मागे लाल रेघ उमटत जाते. मज्जा आहे.

१४ नोव्हें.
नकाशात आपलं बदलापूर नाही! कल्याण आहे, पुणे आहे, उल्हास नदी सुताएवढी. भूगोलाच्या बाईच्या घरात हे चालायचं नाही. आपली ठिकाणं आपण टाकू शकतो, फक्त नाव इंग्रजी पाच अक्षरांत. आमचं कात्रप एक A गाळून बरोब्बर बसवलं. हे अर्धा तास आपल्याच घरावर घिरट्या घालत होते. "गच्चीवर तुझे पापड वाळतायत." काहीही!

१८ नोव्हें., रवि.
विचारलं एकदाचं, एवढं विमानाचं वेड आलं कुठून.
"वीस वर्षं कंपनीच्या शेडमध्ये क्रेनच्या केबिनीत बसून खालीच बघतोय. छपराच्या वर काय असतं ते बघावंसं वाटलं."
मी अजून एक चहा टाकला.

आता उतरायचा सराव चाललाय. मुंबईच्या धावपट्टीला वळसा घालून यायचं आणि उतरायचं. पाच वेळा उजवीकडून, पाच वेळा डावीकडून. हिशेब त्यांचाच. मी नकाशात बघून सांगायचं. "बोला मॅडम." "वळा." "वळलो." लग्नाला तेवीस वर्षं झाली, इतकं निमूटपणे पहिल्यांदाच ऐकतायत.

२५ नोव्हें., रवि.
दिवाळीची सुट्टी संपली, उद्या शाळा सुरू. वह्या तपासायच्या राहिल्यात, आणि मी बसलेय नकाशा बघत.
रेघा पुसायच्या राहून गेल्या होत्या. आठवड्याभराच्या सगळ्या एकावर एक. उजवीकडच्या वळशाची एकच जाड रेघ, जणू पट्टी लावून मारलेली. डावीकडे नुसता गुंता. दर वेळी विमान धावपट्टी ओलांडून पुढे जातं, मग कळतं, मग मागे येतं. मी "वळा" म्हणते तेव्हा कमी, मी चहाला उठले की जास्त.
उजव्या हाताचा माणूस, म्हणून असेल.

२९ नोव्हें.
चहाचा ग्लास पुन्हा पडला. डाव्या कोपराने. महिन्यातला तिसरा.
जेवताना हसत हसत सांगत होते, क्रेनचा हूक आज खांबाला घासला. खाली उभं राहून हाताने खुणा करणारा तो बबन, ह्यांच्या डब्यातली निम्मी भाजी खाणारा, तो ओरडला म्हणे, "ओ भाऊ, डावीकडं बघा की जरा!"
मी नाही हसले.

३० नोव्हें.
आज मुद्दाम गप्प बसले. घसा बसलाय म्हटलं. उजवीकडून पाचही वेळा झकास. डावीकडून पहिल्याच वेळी धावपट्टी मागे टाकून पुढे.
"अहो, पट्टी दिसत नाहीये का?"
"कुठाय?"
त्यांच्या स्क्रीनवरच होती. डावीकडे. मला माझ्या खुर्चीतून दिसत होती.

१ डिसें., शनि.
नकाशा दाखवला. डोळे तपासून घेऊ म्हटलं. भडकले.
"सीडी खराब आहे. उल्हासनगरचा माल तो!"
"उजवीकडे कशी खराब होत नाही मग?"
"दहा-दहा टन लोकांच्या डोक्यावरून नेतो मी. रोज. डोळे खराब असते तर आत्तापर्यंत..."
बाहेर जाऊन उभे राहिले.

३ डिसें.
वायर काढून ठेवलीय. बोलणं बंद. मीही कमी हट्टी नाही, भाजीत मीठच घातलं नाही. निमूट जेवले. मलाच वाईट वाटलं मग.
शाळेत वर्गात मन नव्हतं. ते कुठल्या वेळी काय उचलत असतील, खाली कोण असेल, हेच.

६ डिसें.
चैत्यभूमीला जाऊन आलो. दरवर्षी मी रांगेत त्यांच्या उजव्या हाताला असते. आज डावीकडे राहिले. कुणाला धक्का लागेल असं वाटलं की मी त्यांचा हात धरून ओढायचे. दोनदा त्यांनी झटकला. तिसऱ्यांदा नाही झटकला. घरी येईपर्यंत हातात हात होता, आमच्या वयाला लोक हसले असतील.
ह्या माणसाचा मला फार लळा आहे. तोंडावर म्हणणार नाही, इथे लिहून ठेवते.

८ डिसें., शनि.
स्वतःच वायर जोडली. "आज तू उडव. डावीकडून. सीडीच खराब आहे ते सिद्ध करतो." आणि माझ्या जागेवर नकाशासमोर जाऊन बसले.
मी आयुष्यात विमान हातात घेतलेलं नाही. तीनदा उडवलं, तीनदा आपटलं. पण तिन्ही वेळा पट्टीच्या तोंडाशी नेऊनच आपटलं.
त्यांनी माझ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग,
"तुझी रेघ सरळ आहे गं."
खुर्ची ओढून जवळ बसले.
"तुला कधी कळलं?"
"आठवडा झाला."
"मला दसऱ्याच्या आधीपासून वाटतंय. डावीकडचं कधी असतं, कधी नसतं."
म्हणजे हा सगळा सराव... पाच डावीकडून, पाच उजवीकडून...
"रोज केलं तर सुधारेल, असं वाटलं."
आणि मी बाई मजेत "वळा, वळा" करत होते! त्यांच्यावर राग आला, स्वतःवर जास्त. इतके दिवस एकट्याने कशाला घेऊन बसायचं?

१० डिसें., सोम.
दोघांनी रजा घेतली. कल्याणला डॉक्टरकडे. मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी दाराशी उभी. बटणाचा टिक टिक आवाज येत होता, आणि मधेच बराच वेळ काहीच नाही. तेव्हा मीच मनात म्हणत होते, दाबा ना, दाबा.
बाहेर येऊन म्हणाले, "त्यांचं मशीन अधूनमधून बंद पडतं वाटतं."
काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. नजर कडेने आत येत चाललीय, डावीकडे जास्त. गेलेलं परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं. रोज, जन्मभर.
डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? ह्यांनी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "क्रेनवर आता चढायचं नाही. कंपनीत आजच कळवा."
येताना थेंब घेतले.
पहिले थेंब मी घातले. मान वर करून लहान पोरासारखे बसले होते. डोळा मिटायचा नाही म्हटलं तर मिटला.

११ डिसें., मंगळ.
सकाळी रिपोर्ट घेऊनच कंपनीत गेले. शाळेत माझं अर्धं लक्ष मोबाईलकडे. फोन नाही.
संध्याकाळी आले, हातपाय धुतले. मी विचारलं नाही. थेंब घातले. मग आपणच म्हणाले,
"आज चढलो नाही."
"सांगितलंत?"
"पोट दुखतंय म्हणालो."
"आणि उद्या?"
"उद्या डोकं."
हसलो दोघं. मोठ्याने. आणि हसता हसताच त्यांना रडू कोसळलं. तेवीस वर्षांत सासूबाई गेल्या तेव्हा रडले होते, त्यानंतर आज. "वर बसलो की सगळी शेड माझ्या हातात असते गं. खाली उतरलो की मला कोण विचारणार? गेटवर बसवतील नाहीतर घरी." मी खोटा धीर दिला नाही. काय करतील कंपनीवाले, मला तरी कुठे ठाऊक? एवढंच म्हटलं, बबनला आज ऊन लागलं का, थंडी वाजली का, तो जेवला का, हे तुम्हीच रोज येऊन सांगता मला, आणि तोच तुमच्या हुकाखाली उभा असतो.
त्यांनी डोळे पुसले.
जेवणानंतर रिपोर्ट डब्याच्या पिशवीत ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.
"सकाळी गेटपर्यंत येतेस?"
येते म्हटलं. किरकोळ रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. मला गेटच्या आत सोडत नाहीत. आत गेल्यावर पोट सांगतील, डोकं सांगतील की डोळे, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.