चार डिस्कांची एकजूट

सोमवार, ६ मार्च, सकाळी ९
एक कोडे. कॉपी करताना पडद्यावर ‘दोन मिनिटे शिल्लक’ असे झळकते आणि ती दोन मिनिटे अर्धा तास पुरतात. हे सर्वांनी पाहिले आहे. कारण मी शोधले. डिस्क एकटी असते.
ताईच्या स्टुडिओत आजपासून चार डिस्का. पत्ते वाटावेत तसे फिल्मचे तुकडे चौघींत समान वाटायचे. वाटपाचे सॉफ्टवेअर माझे. ताईचा पहिला माहितीपट शुक्रवारी सहापर्यंत वाहिनीकडे पोचला नाही, तर प्रक्षेपणाची वेळ दुसऱ्या कोणाला जाईल. मी म्हटले, निश्चिंत राहा.

मंगळवार, ७ मार्च
तीन डिस्का नव्या. चौथी माझ्या घरची, अकरा वर्षांची, सेवाभावी. स्टुडिओतल्या एडिटरबाई तिला ‘आजीबाई’ म्हणाल्या. दुर्लक्ष केले.

बुधवार, ८ मार्च, दुपारी
डिस्क एका रिक्वेस्टमध्ये, म्हणजे एका खेपेच्या मागणीत, किती माल उचलते, याला मर्यादा असते. नव्या प्रत्येकी १०२४ केबी, आजीबाई २५६. बेरीज ३३२८. समूहाची मर्यादा म्हणून मी तीच जाहीर केली.
न पेलणारी रिक्वेस्ट आली तर तिचे लहान तुकडे करण्याची सोय ठेवा, असे एडिटरबाईंनी सुचवले. तुकडे करणे हा भित्र्या सॉफ्टवेअरचा स्वभाव. सोय ठेवली नाही.

गुरुवार, ९ मार्च, ११.१०
कॉपी सुरू. कॉपी बंद.

११.४०
पुन्हा तेच. वीजपुरवठा संशयास्पद. वायरमनने तपासून वीज उत्तम असल्याचे सांगितले. माणूस अननुभवी वाटला.

सायंकाळी ५
एडिटरबाईंनी कागदावर गणित मांडले. वाटप समान, म्हणून ३३२८ पैकी ८३२ प्रत्येकीच्या वाट्याला. आजीबाई २५६ च्या वर घेत नाहीत. त्या नकार देतात आणि सगळेच अडते. तेव्हा बेरीज करायची नाही; सर्वांत लहान मर्यादा गुणिले चार. १०२४. मीही याच निष्कर्षाच्या वाटेवर होतो.
ताईने कागद उलटसुलट पाहिला. “म्हणजे चौघी मिळून एका नवीएवढंच उचलणार?”
एका रिक्वेस्टपुरते, असे मी स्पष्ट केले. मग आजीबाईंना काढ की, असे तिचे म्हणणे. तत्त्वतः शक्य आहे. परंतु सारे वाटप पहिल्यापासून करावे लागेल. त्यापेक्षा १०२४ च्या वरच्या रिक्वेस्टचे तुकडे करण्याची सोय उद्या सकाळी लिहून देतो म्हणालो. किरकोळ काम.

शुक्रवार, १० मार्च, दुपारी ३
किरकोळ काम चालू आहे. ताई दोनदा दारात येऊन गेली. दोन्ही वेळा फक्त चहा ठेवला. विश्वास असा असावा.

५.२०
सोय तयार. ताई जागेवर नाही. फोन केला. माहितीपट साडेबारालाच वाहिनीकडे पोचला म्हणे. एडिटरबाईंनी तो मंगळवारीच एका साध्या डिस्कवर कॉपी करून ठेवला होता. मला का सांगितले नाही, असे विचारले.
“तू इतका रमला होतास रे,” ताई म्हणाली. “म्हटलं, राहू दे.”

६.३०
प्रश्न तत्त्वाचा आहे, म्हणून चाचणी घेतली. कोणालाही घेता येईल अशी आहे: तीच फिल्म एकदा समूहावर कॉपी करावी, एकदा एकाच साध्या डिस्कवर, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावावे.
समूह: एकोणीस मिनिटे. साधी डिस्क: अठरा.
घड्याळ तपासून घ्यावे लागेल.