बोडीत आता मरळ नाही

दिघोरी

प्रिय प्रविण,

पुण्याचा फ्लॅट विकायचा, गावतळ्याच्या, आपल्या बोडीच्या, पाळीला लागून असलेली पुष्पाबाईची जागा घ्यायची, घर बांधायचं आणि पुढचं आयुष्य आपण दोघांनी गरी टाकून बसायचं, हा तुझा बेत कळला. नव्या रॉडचा फोटोही पाहिला. दिवाळीनंतर फ्लॅटचा सौदा आहे म्हणतोस, म्हणून आजच लिहितो.

आधी रॉडबद्दल. चांगला आहे. जुनं तेवढं सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही. आपली बांबूची काडी चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलेली असायची, तरी जरा जोर लागला की उजवीकडे वाकायची. दोरा सुती. कच्च्या टेंभरांच्या चिकात भिजवून वाळवायचो, तरी दुसऱ्या पावसाळ्यात कुजायचाच. आणि बाभळीच्या काट्याची गरी करायचो असं तू लोकांना सांगतोस, ते चूक आहे. ती एकदाच केली, तिला झिंगाही लागला नाही. गऱ्या आपण लाखांदूरच्या बाजारातून आणायचो. पाण्यावर मोरपिसाचा देठ असायचा. तो आडवा पडला तर शिंगी, गपकन बुडाला तर मरळ. तू दरवेळी घाई करायचास आणि मरळ सुटायची. मग तुझी माय, तुळसामाय, पाळीवरून ओरडायची, “अबे पऱ्या, शाळेत कायले जाता रे? बोडीतच लगन लावून देतो तुयं, मासोळीसंग!” अशी ओरडायची, पण ओलं गांडूळ शेणखताच्या ढिगात कुठं सापडतं, ते तिनंच दाखवलं होतं.

पुढं नायलॉन आलं, मग घडीचे रॉड, मग रीळ. रीळ उघडून, धुऊन, तेल देऊन परत बसवायला मी आपलं आपणच शिकलो. आता तर बाजारात पाय हलवणारा प्लास्टिकचा बेडूक मिळतो, मरळीसाठी. साधनं सुधारली, यात वाद नाही.

पण बोडीत मरळ नाही. शिंगीही नाही.

बोडीचं खोलीकरण झालं तेव्हा गावानं मशीनला हार घातला, नारळ फोडला. काठची लव्हाळी आणि देवधान ‘कचरा’ म्हणून खरवडून काढलं. मरळ त्याच गवतात घरटं करते, पिल्लं राखते, हे मी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. तर सरपंचाचा कमलेश म्हणाला, “रेवाकाका, तुमच्या मरळीचं नाव हाये का मतदार यादीत?” सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. आज बोडी म्हणजे सरळ कापलेला खड्डा आहे. पाणी भरपूर आहे, उथळ काठ नाही. ठेकेदार माशांचं बीज सोडतो, जाळं ओढून सगळं घेऊन जातो, आणि गरी टाकायला मनाई आहे. मी दोन पावसाळे काठानं देवधान पेरून पाहिलं. उभ्या काठावर मूळ धरत नाही, माती खाली येते. पावसाच्या तोंडावर मासे धुऱ्याच्या पाण्यातून धानाच्या बांधीत चढायचे, तुला आठवत असेल. आता शेताच्या धुऱ्यांवर तणनाशक मारतात. चढायला मासे नाहीत, आणि असते तरी काय उपयोग. हे पुन्हा होईल असं मला वाटत नाही. आपल्या हयातीत तर नाहीच.

तेव्हा पुष्पाबाईला बयाणा देऊ नकोस. साधनावहिनी नको म्हणते, तिचं ऐक. रॉड खडकवासल्याकडे ने, तिकडं काही लागत असेल.

तुझी शकुनवहिनी गेल्यापासून संध्याकाळी मी पाळीवर जाऊन बसतो, रिकाम्या हातानं. शेजारी तू असावास असं वाटतं, रोज वाटतं. पण एका माणसाच्या सोबतीसाठी कोणी घर विकू नये, आणि इथं माझ्याशिवाय तुझ्यासाठी काही उरलेलं नाही. परवापासून तुझे फोन येऊन राहिले, मी उचलले नाहीत. उचलला असता तर हे सगळं माहीत असूनही माझ्या तोंडून “ये ना बे, बसू दोघं” एवढंच निघालं असतं. म्हणून पत्र लिहिलं.

येऊ नकोस.

तुझाच,
रेवाराम