धोंडिबाचं बोट

कर्वेनगर, पुणे
१२ ऑगस्ट २००३

प्रिय नम्रता,

सहा महिन्यांसाठी डॅलसला गेलीस आणि आता कंपनी म्हणते आणखी एक वर्ष राहा. राहू का, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी "विचार करून सांगते" म्हणाले. सासूबाई विचार करणार हे ऐकून तुझा नवरा, आपला सुदर्शन, हसत सुटला. हसू दे मेल्याला. उत्तर देणार आहे, पण आधी एक कबुली ऐक. तुझ्या धोंडिबाला मी जायबंदी केलं.

रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच. हिंजवडीला तुमच्या ऑफिसचं बांधकाम चालू होतं, तिथला खड्डा बुजवायच्या आत तू हेल्मेटमधून हे बेडकाचं ध्यान घरी आणलंस, तेव्हा मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. तू गेलीस आणि परसातलं त्याचं पिंप माझ्या गळ्यात आलं. मांजराची भीती म्हणून मी पिंपावरच्या जाळीवर वरवंटा ठेवायची. जूनमध्ये एका सकाळी त्याला झुरळ द्यायला जाळी सरकवली आणि वरवंटा थेट आत! मागच्या डाव्या पायाचं बोट चेचलं. मला रडूच फुटलं गं. मग मी घरात कुणालाही काही लागलं की जे करते तेच केलं. तुपात हळद कालवून लावली. बोटाला थोडी, आणि हात सैल म्हणून अंगभर.

दुपारपर्यंत धोंडिबा हळदीच्या नवऱ्यासारखा पिवळाधमक आणि निपचित. श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडली, त्यात त्याला घातलं आणि बसने कात्रज गाठलं. कंडक्टरने डब्यात काय म्हणून विचारलं, मी म्हटलं श्रीखंड. तेवढ्यात श्रीखंड हललं. तो बिचारा घाईघाईने पुढे सरकला आणि मला मात्र धीर आला. तिथले एजाज डॉक्टर तसे गाईम्हशींचे, पण साप-बेडकांचा भारी नाद. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, मावशी, बेडूक कातडीनेही श्वास घेतो, तुम्ही त्यालाच तुपाने लिंपून टाकलंत. त्यांनी स्वतः बसून त्याला हळूहळू धुतलं, चेचलेला तुकडा काढला आणि मला दोनच गोष्टी बजावल्या. पाणी रोज बदला आणि हात लावू नका.

हात न लावणं मला कधी जमलंय? जखम दोन आठवड्यांत मिटली, पण तिथे गाठ आली. आधी मोहरीएवढी, मग मुगाएवढी. माझी झोप उडाली. दिवसातून चारदा उचलून, दाबून बघायची, वाढली का म्हणून. ती वाढलीच, वर लालही झाली. पुन्हा डबा, पुन्हा कात्रज. डॉक्टर म्हणाले, मोठ्या बेडकाला गेलेलं बोट परत फुटत नाही, पण शरीर तिथे आपली डागडुजी करतंय, गाठ वाईट नाही. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, सूज मात्र तुमच्या अंगठ्याची आहे. इतक्या अदबीने माझा अपमान आजवर कुणी केला नव्हता!

मग बसले हाताची घडी घालून. तीन आठवडे! सूज उतरली, टोकाला एक घट्ट मणी तेवढा राहिला. आणि परवा, तुझा फोन ठेवल्यानंतर, जाळी काढली तर साहेबांनी त्याच पायावर जोर देऊन अशी उडी ठोकली की थेट कर्दळीत! मी किंचाळले. सुदर्शन अर्ध्या दाढीचा फेस घेऊन धावत आला. तो शोधायला निघाला, मी म्हटलं, राहू दे. दिवसभर जीव टांगणीला होता, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी परसातला दिवा लावला, किडे जमले, आणि स्वारी आपणहून पिंपाच्या काठावर हजर. आनंदाच्या भरात मी शिरा केला आणि तुझ्या वाटणीचाही खाल्ला. आता धोंडिबा मोकळा हिंडतो आणि वाटेल तेव्हा येतो.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर माझी जीभ मध्ये येते. तुझा फोन आला की जेवलीस का, बारीक झालीस का, येणार कधी, हे मी विचारत बसते, ते दाबून बघणंच आहे हे मला परवा कळलं. आणि तू निघालीस तेव्हा दारात सगळ्यांसमोर मी "चालली संसार टाकून" म्हणाले. ते तुला फार लागलं असणार. चुकलं माझं, बाळा. तू खुशाल वर्षभर राहा. सुदर्शन पोळ्या शिकतोय, गोल येत नाहीत पण फुगतात. वरवंटा स्वयंपाकघरात परत नेला आहे आणि जाळी भंगारवाल्याला दिली. पिंपात पाणी मात्र रोज ताजं भरून ठेवते.

तुझीच,
आई
(सुदर्शनची, आणि तुला चालत असेल तर तुझीही)