मोहाखालची झाडलेली जागा

मी, सीता लहानू बांबोळे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार कोसमटोला, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणाचा धाक नाही. मला धाक घालू पाहणारे कधीच थकून गेले. हृदय कमजोर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, डोके शाबूत असल्याचेही. पती लहानू हयात नाहीत. मुलगी रिना हयात नाही. मुलगा प्रफुल आहे, आणि हा कागद बराचसा त्याच्याशीच बोलतो.

१. राहते घर आणि मागची धानाची बांधी प्रफुलला. बँकेत जे उरेल तेही त्यालाच. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. जिवंतपणी ज्यांनी मला भांडखोर बाई म्हटले, त्यांनी शोकसभेत ‘लढाऊ नेतृत्व’ म्हणू नये. भांडखोर हा शब्द मी मिळवलेला आहे, तोच ठेवावा.

२. माझी सगळी पुस्तके समाजमंदिरातल्या वाचनालयाला. कपाटाला कुलूप घालायचे नाही. पुस्तक चोरीला गेले तर गाव वाचते आहे असे समजावे.

३. माइक आणि भोंगा लालसूभाऊ हलामी यांची नात दिव्या हिला. जंगलावर ग्रामसभेचा हक्क आहे, हे मी याच भोंग्यावरून गावोगाव ओरडून सांगितले. रिनाच्या शोकसभेत याच माइकसमोर उभी राहिले आणि शब्द फुटला नाही. लोक वाट पाहत बसले, मग उठून गेले. त्यानंतर मी मंचावर चढले नाही. दिव्या, तू फार घाईने बोलतेस. श्वास घे. पण बोल.

४. आता आमच्या कंपनीच्या लोगोबद्दल.

आसपासच्या गावांनी मिळून मोहफुलाची कंपनी काढली. लालसूभाऊ अध्यक्ष, मी संचालक. लोगो काढायचे काम रिनाकडे आले. नागपुरातून चित्रकला शिकून ती नुकतीच घरी परतली होती. पहिल्यांदा तिने मोहाचे फूल काढले. सभेत मागून आवाज आला, “बाई, हा लसूण होय का?” तीसुद्धा हसली आणि तिने कागद फाडला.

मग तिने कासव काढले. सुंदर होते. लालसूभाऊंनी कितीतरी वेळ पाहिले आणि परत दिले.

“काऊन भाऊ, नाई आवडलं?”

“आवडलं ना, पोरी. पण कासव आमच्या कुळाचं हाय. तू ते पोत्यावर छापशीन. पोत्यावर लोकं बुड टेकवतीन, पाय देतीन. मी माह्या देवावर बसू काय?”

तिने पिंपळाचे पान काढले. ते मीच नाकारले. ज्या झाडाखाली बुद्धाला बोधी मिळाली त्याच्या पानावर कोणी चप्पल ठेवलेली मला चालणार नव्हती. रिना वैतागली. “आई, तुमच्या सगळ्यायचे देव पोत्यावरून उतरले का मले सांगजो. मी आता पायाखालचंच काहीतरी काढतो.”

तिने खरेच तसे केले. आमच्याकडे फुले गळायच्या आधी मोहाखालची जमीन खराट्याने गोल झाडून ठेवतात. पाचोळा कडेला सारला की ज्याने झाडले त्याची ती जागा. त्या गोलातले फूल दुसरा कोणी उचलत नाही. कुंपण नाही, पाटी नाही, तरी नाही. मी हक्कांवर किती भाषणे दिली! त्या मुलीने अख्खे भाषण एका रिकाम्या गोलात बसवले. देव कोणाचाही नाही, पाय सगळ्यांचे. लालसूभाऊ म्हणाले, “हे खरं. यावर बसता येते.”

पण तिला गोल कंपासने काढायचा नव्हता. खराट्याच्या काड्या गेरूत बुडवून, आमच्याच झाडाखाली, झाडलेली जागा समोर ठेवून काढायचा होता. त्या सकाळी ती कागद घेऊन गेली आणि उकिडवी बसली. उभ्या माणसाला वाघ माणूस समजतो, बसलेल्याला नाही, असे म्हणतात.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विचारले, ती जंगलात कशाला गेली होती? साहेब, ती स्वतःच्या जागेत होती. झाडलेली होती ती जागा. तेव्हा हे उत्तर माझ्या तोंडून निघाले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

गोल पुरा झाला नव्हता. थोडा बाकी होता. कंपनीने तो तसाच छापला. बाहेरचे जाणकार म्हणतात, गोलातली ही फट फार अर्थपूर्ण आहे, सर्वांना प्रवेश सुचवते. मी ऐकून घेते. तिचा हात तिथे थांबला.

५. आता कंपनीला वाघाचे तोंड हवे आहे. प्रफुल कंपनीची विक्री पाहतो. प्रस्ताव त्यानेच मांडला. “आई, लोकं वाघ पाह्यले येतात. वाघ इकते, गोल नाई इकत.” मी भर सभेत त्याला नको ते बोलले. वाघावर माझा राग नाही. तो भुकेला होता, आणि त्याने कोणाकडे लोगो मागितला नव्हता. राग माझ्या मुलावर होता.

मग दिवाळीत तो घरी आला. फळीवर आपल्या कंपनीच्या मोहफुलाच्या लाडवांची पाकिटे होती. चहा पिता पिता त्याने एकेक पाकीट उचलले आणि गोल भिंतीकडे करून ठेवले. तो बोलत होता वेगळेच काहीतरी, हात आपले काम करत होते. प्रफुल, तेव्हा मला कळले. झाडाखालून तो कागद तूच उचलून आणलास. त्यानंतर तू तिकडे पाऊल टाकलेले नाहीस, आणि तुझ्या बहिणीचा थांबलेला हात तुला रोज प्रत्येक पाकिटावर पाहावा लागतो. तुला वाघ नकोच आहे. तो गोल दिसू नये, एवढेच हवे आहे. बाळा, मी तरी पाकिटे कुठे पाहते? मी डोळे मिटून चहा घेते.

रिना अविवाहित गेली, त्यामुळे त्या चित्राचा हक्क वारसाने माझ्याकडे आला. कंपनी ते माझ्या परवानगीने वापरते. मूळ कागद लोखंडी पेटीत आहे. लालसूभाऊ म्हणाले, चित्र ग्रामसभेच्या नावानं कर, मंग पोराले बदलता येणार नाई. मी विचार केला आणि तसे करत नाही. बंदी घालून राखलेली जागा राखलेली नसते, हे मी आयुष्यभर सांगत आले.

म्हणून तो कागद आणि त्याचा संपूर्ण हक्क मी प्रफुलला देते. एक अट. माझ्या मागे येणाऱ्या पहिल्या हंगामात, फुले गळायच्या आधी, त्याने आमच्या मोहाखालची जागा स्वतःच्या हाताने झाडावी. एकट्याने जाऊ नये. लालसूभाऊंची माणसे थाळ्या वाजवत सोबत जातील. रिना गेल्यापासून त्या झाडाखाली कोणी झाडलेले नाही. दर वर्षी फुले पाचोळ्यात सडतात. झाडून झाले की गोलात उभे राहावे, रडू आले तर रडावे, मग घरी येऊन काय ते ठरवावे. त्यानंतर वाघ छापलास तरी माझी हरकत नाही.

६. खराटा प्रफुलला. दारामागे आहे.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सीता लहानू बांबोळे

साक्षीदार:
लालसू कोलू हलामी
अंकुश देवराव मेश्राम

कोसमटोला, दिनांक २४ फेब्रुवारी २०२५