ढोलीतली मयुरी

ऊर्जानगर,
ता. ३ जून २०२५

चि. मयुरीस ज्योत्स्नाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, तुझा फोन काढून घेतला असं कळलं, म्हणून पत्र धाडते. बारावीला सायन्समध्ये चांगले मार्क पडले, कौतुक आहे. पण अंतराळवीर व्हायचं खूळ आता पुरे. शेजारच्या मावशीबाईंचा भाचा प्रफुल इथे चंद्रपूरच्या वीज प्लँटमध्ये ऑपरेटर आहे. रविवारी चार वाजता ते लोक तुला पाहायला येतील. साडी नेस आणि चंद्राचं नाव काढू नकोस. लग्नानंतर शिकू देतील म्हणतात.

आणि अंतराळात जायला लागतं तरी काय, ते ठाऊक आहे का गं तुला?

लोभ आहेच. हट्टाने तो पातळ करू नकोस.

तुझी आत्या


पोंभुर्णा,
ता. ९ जून २०२५

ती. ज्योत्स्नाआत्यास मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

ठाऊक आहे. सायन्सची नाहीतर इंजिनीअरिंगची पदवी लागते. नजर साफ, अंग काटक हवं. पोहता आलं पाहिजे, कारण परतताना यान समुद्रात उतरतं. आपल्याकडे पहिले निवडले ते हवाईदलाचे वैमानिक, पुढे शास्त्रज्ञही घेतील म्हणतात. शिवाय इवल्याशा जागेत न घाबरता, न चिडता बसता यायला हवं. न चिडणं मला फार जड जातं.

म्हणून मी रोज ढोलीत बसते. आपली धान साठवायची, शेणाने लिंपलेली बांबूची ढोली गं. आता तळाशी फक्त बियाणं उरलंय. रविवारीही बसले होते. तू चार लिहिलंस आणि पाहुणे दोनलाच हजर! आई मला विहिरीवर शोधत होती. तेवढ्यात मावशीबाईंनी रीतीप्रमाणे, पोरीआधी घरचं धान पाहावं म्हणून, ढोलीचं झाकण उचललं. त्या जी किंचाळल्या! मी उभी राहिले, केसांत तूस, आणि नमस्कार केला.

त्यांनी विचारलं की पोरगी इथी काऊन बसून राह्यली, डोकं ठिकाणावर आहे का. मी सगळं सांगितलं, चंद्रासकट. बाबा जागेवरून उठले. मला वाटलं, आता मार बसतो. ते मावशीबाईंना म्हणाले की ढोलीच्या बुडाशी राह्यते ते बियाणं, ते आमी कोणाले देत नाई, पेरतो.

मग मात्र मी रडले, आत्या. फोन परत मिळालाय, पण हे फोनवर सांगता आलं नसतं. चंद्रपूरला बी.एस्सी.ला नाव घालणार आहे. तू रागावलीस तरी घालणार.

लोभ राहू दे, थोडा पातळ चालेल.

तुझी मयुरी


ऊर्जानगर,
ता. १६ जून २०२५

चि. मयुरीस आत्याचे आशीर्वाद, रागासकट.

चांगली शोभा केलीस माझी. ज्योत्स्नाची भाची धानात सापडली, असं मावशीबाई वसाहतभर सांगत फिरतात. आधी मी मान खाली घालून भाजी आणत होते. काल तोंड उघडलं. म्हटलं की आमची पोरगी ढोलीत बसली ती वर जायले, तुमी कायले वाकल्या होत्या? सगळ्या बाया हसल्या.

कॉलेज सुरू झालं की माझ्याकडे राहायला ये. मागची खोली फार लहान आहे, पण तुला त्याचं काय! पोहायच्या क्लासची चौकशी केली. तिथले सर म्हणाले की बाया येत नाहीत, एका मुलीसाठी वेगळी वेळ ठेवता येत नाही. मी म्हटलं, एकटी कुठे आहे? दोन नावं लिहा.

त्यांनी माझं वय विचारलं, तेही सांगितलं. पाण्याची मला किती भीती वाटते हे तू जाणतेस, तेव्हा लवकर ये.

लोभ आहेच. बुडाले नाही तर वाढेलही.

तुझी आत्या